चाळीस तासांचं दळण

अन्नाबा, फेब्रुवारी. खिडकीबाहेर धुकं,
बंदरात जहाज नाही, नुसता जहाजाचा भोंगा.
टेबलावर गिरणी: एक चकती फिरते,
तिच्यावरची भांडी उलट्या अंगानं फिरतात,
भांड्यांत पोलादाच्या गोळ्या, गोळ्यांच्या तावडीत
ऐंशी भाग लोखंड, वीस भाग सिलिकॉन,
आणि आर्गॉन, कुणात न मिसळणारा वायू,
लग्नघरातल्या माझ्या दिरासारखा.

पंधरा मिनिटं दळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं,
नाहीतर भांडं तापतं आणि मुसळ केरात.
म्हणून चाळीस तासांना ऐंशी तास लागतात.
आईला हे अजून पटलेलं नाही.
तिच्या मते मी रात्रभर तेच ते दळण दळते.
बरोबर आहे तिचं.

रात्रपाळीला अम्मी बूजमा असतो.
एल हज्जारच्या पोलाद कारखान्यात सत्तावीस वर्षं;
उजवा कान तिथेच राहिला.
डाव्यानं ऐकून तो सांगतो, भुकटी भिंतीला चिकटली.
मी झाकण उघडते.
चिकटलेली असते.

शून्य तासाला क्ष-किरणांच्या आलेखावर सुळका.
पाचव्या तासाला सुळक्याचा खांदा उतरलेला.
पंधराव्याला सिलिकॉनची टोकं दिसेनाशी,
मेलेली नव्हेत, लोखंडाच्या घरात शिरलेली,
घर किंचित आखडून.
तिसाव्याला आमच्या शहरामागचा एदूघ:
बुटका, रुंद, पावसानं झिजलेला.
त्या रुंदीतून मी स्फटिकाचं माप काढते.
अकरा नॅनोमीटर. अधिक-उणे दोन.

म्हणजे केवढं, बूजमा विचारतो.
मिशीचा एक केस घ्या, मी म्हणते,
आणि त्याच्या उभ्या सात हजार फाका करा.
तो मिशीवरून हात फिरवतो. नको, म्हणतो.

आता चुंबकत्वाचं.
लोखंडाला एकदा दिशा दाखवली
की ते थोडाफार हट्ट धरतंच;
तो मोडायला उलटा जोर लावावा लागतो.
किती जोर, तेच मी मोजते. दोन वर्षं तेच.
आधी दळाल तितका हट्ट वाढतो:
घावागणिक आत ताण, ताणागणिक गाठी,
वळू पाहणारं काहीतरी प्रत्येक गाठीशी अडतं.
मग स्फटिक इतके लहान होतात
की स्वतःचं वेगळं मत ठेवायला जागाच उरत नाही.
शेजारी वळला की हाही वळतो.
आलेख चढतो, चढतो, आणि उतरायला लागतो.
परवा पहाटे तो उतार दिसला.
मी कुणालाच फोन केला नाही.
गार झालेली कॉफी प्यायले, उभ्यानंच.

एक हिशेब मात्र लागत नाही.
ऐंशी टाकलेलं लोखंड चाळिसाव्या तासाला
ब्याऐंशी निघतं.
तीनदा तपासलं. ब्याऐंशी.
वरचे दोन दळणाऱ्याचे:
गोळ्या झिजल्या, भांड्याच्या भिंती झिजल्या,
आणि जे झिजलं ते पिठात गेलं.

जानेवारीत बूजमाची पाठ धरली होती.
इस्पितळात मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात घालण्याआधी
विचारलं, अंगात कुठे धातू?
तो हसला म्हणे.
मग साधा फोटो काढला: उजव्या पापणीमागे एक कण,
खांद्यात दोन. कोणत्या सालचे, त्यालाही ठाऊक नाही.
परत पाठवलं.
मला चुंबकात घेत नाहीत, हे तो
तक्रारीनं सांगतो की मिरवतो, कळत नाही.

प्रबंधात एक ओळ द्यावी लागेल:
भांड्याकडून आलेली अशुद्धी.
मी अशुद्धी खोडलं. दुसरा शब्द सुचेना.
बाहेर भोंगा झाला, थांबला.
पुन्हा तोच लिहिला.

पंधरा मिनिटं भरली. चकती हलते.
बूजमा डावा कान गिरणीकडे करतो
आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसवतो.